आहेलवडची रोपं

पिंप्राळ्यातला हितेंद्र फिरके वेबसाइट बांधून द्यायचा. मजकुरातल्या चुका दुरुस्त करायला त्याने ब्राउझरला एक विकतचं प्लगिन जोडलं होतं. एका सोमवारी ते म्हणालं, आमची कंपनी दुसऱ्याने घेतली आहे, तरी तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचायची आणि बदलायची परवानगी द्या. हितेंद्रने सवयीने 'हो' दाबलं. दुपारी त्याने बायकोला, डिंपलला, कंबर धरल्याचं लिहिलं. चहा होईपर्यंत त्याच्यापुढे कमरेच्या पट्ट्यांच्या अकरा जाहिराती येऊन उभ्या होत्या. अकराव्या जाहिरातीत तर त्याच्या कमरेचं मापही बरोबर होतं.

हादरून त्याने धुळ्याच्या पितांबरला फोन लावला. पितांबर त्याचा कॉलेजातला मित्र, याच धंद्यातला. त्याने सांगितलं, ते काढून फेक आणि तेच काम करणारं ओपन सोर्स घे. ते तोच सांभाळत होता. फुकट, कोड सगळ्या जगासमोर उघडा, वाटेल तसा बदल करावा. सगळ्या जगाला दिसतं म्हटल्यावर चोरी कशी होईल, असं हितेंद्रला वाटलं आणि तो तसं बोललाही.

"बठ्ठासले दिसस रे भाऊ," पितांबर म्हणाला, "पन देखस कोन?"

सगळ्यांना दिसतं, पण बघतं कोण, यावर दोघेही हसले.

तेव्हा हितेंद्रकडे मिश्रीलाल शेठजींचं काम होतं. शेठजी केळीची टिश्यूकल्चर रोपं विकायचे. शेतकऱ्याने वेबसाइटवर नाव-गाव भरायचं, त्याची यादी व्हायची आणि यादी सांगेल तिकडे टेम्पो जायचा. यादीत बोदवडकडच्या शेलवडचे पुनामामा होते, हितेंद्रचे सख्खे मामा. चार हजार रोपं. मामा खड्डे घेऊन, ठिबक पसरून बसले होते. टेम्पोत रोप दोन दिवसांवर जगत नाही, हे त्यांनी भाच्याला तीनदा ऐकवलं होतं.

धुळ्याकडचे शेतकरी बोलीत लिहायचे, 'रोप कसं शे?' शेठजींचा नातू श्रेयांस बाहेर शिकून आलेला, त्याला ते कळेना. हितेंद्रने नव्या प्लगिनला शिकवलं, 'शे' दिसलं की 'आहे' कर. त्यात 'पूर्ण शब्द असेल तरच बदला' अशी एक खूण होती. ती इंग्रजीवर वाढलेली. देवनागरी शब्द कुठे संपतो तेच तिला उमगेना, त्यामुळे काहीच बदलेना. हितेंद्रने खूण काढून टाकली. लगेच 'रोप चांगलं शे'चं 'रोप चांगलं आहे' झालं. खूश होऊन त्याने हा बदल सगळ्यांच्या भल्यासाठी पितांबरकडे पाठवला, शेठजींची यादी उघडली, मामांचं नाव वरवर पाहिलं आणि सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या पानावर त्याला 'आहेवभाजी' दिसली. हॉटेलवाला अडाणी आहे असं त्याने ठरवलं. तिसऱ्या दिवशी बातमी होती, 'आहेतकऱ्यांना दिलासा'. पत्रकारितेचं काही खरं नाही, असं तो डिंपलला म्हणाला. डिंपलने आपल्या मोबाईलवर तीच बातमी उघडली.

"माझ्याकडे शेतकरीच आहेत," ती म्हणाली. "तुमच्याकडचेच कुठे गेले?"

हितेंद्र कॉम्प्युटरकडे धावला. त्याने यादी उघडली. शेख आहेख झाले होते, शेवाळे आहेवाळे, आणि मामा शेलवडहून उठून आहेलवडला राहायला गेले होते. टेम्पो सकाळीच निघाला होता.

ड्रायव्हर मगनने फोन उचलला तो समाधानात. रोपं उतरवली म्हणाला. कुठे? आहेलवडला, यादीत लिहिलंय तिथंच. रस्त्यात कुणालाच गाव माहीत नव्हतं, पण बोदवडच्या अलीकडे फाट्यावर चौघे उभे होते, ते म्हणाले, हेच आहेलवड. फार चांगली माणसं. स्वतः रोपं उतरवून घेतली, सही दिली, चहा पाजला, आणि पुन्हा कधी येणार ते आवर्जून विचारलं.

हितेंद्र शेठजींसमोर जाऊन उभा राहिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. असं गावच नाही, म्हणाला. शेठजींनी शांतपणे कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. आहेलवडहून नवी मागणी आली होती, दहा हजार रोपांची.

"हितेंद्रभाऊ," शेठजी म्हणाले, "गाव नसतं तर मागणी कुणी केली असती?"

मामांची रोपं पोचल्याची सही होतीच. आता नव्याने मागायची तर शेलवड लिहायला हवं. हितेंद्रने शेठजींच्याच कॉम्प्युटरवर ते लिहिलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं आहेलवड झालं. श्रेयांसने म्हणे कालच ते प्लगिन घेतलं होतं. फुकट मिळतं म्हणून ऑफिसातल्या सगळ्यांनीच घेतलं होतं. पितांबरला विचारलं, तर त्याने बदल न बघता मंजूर केला होता, कारण हितेंद्रने बघितला असेल असं त्याला वाटलं. तोवर नऊ हजार लोकांनी तो उतरवून घेतला होता. नियम मागे घेतला तरी त्यांच्याकडे तो राहणारच होता. हितेंद्रने शेठजींचं प्लगिन काढायला हात पुढे केला, तर श्रेयांसने अडवलं. दहा हजारांची मागणी त्याच नावावर आहे, म्हणाला.

संध्याकाळी पुनामामा स्वतः ऑफिसात आले. पायांना ओली माती तशीच. भाचा एक गाव पुन्हा पुन्हा लिहितोय आणि ते पुन्हा पुन्हा दुसरंच होतंय, हे ते खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिले.

"जाऊ दे भाच्या," अखेर ते म्हणाले. "मले आहेलवडचाच लिव. रोपं तर येतीन ना?"

हितेंद्रने तसं लिहिलं. या वेळी पडद्याने एक अक्षरही हलवलं नाही.

टेम्पो फाट्यावर पोचायच्या आधी मामांना तिथे पोचवायला हवं होतं. पहाटेच त्यांना स्कूटरवर मागे बसवून हितेंद्र निघाला. फाट्यावर चौघे आधीच उभे होते. त्यांनी सरकून मामांना जागा करून दिली. एकाने त्यांना खालून वर न्याहाळलं.

"आपल्याच गावचे ना?" त्याने विचारलं. "मग कधी दिसला कसे नाहीत?"

मामांनी हितेंद्रकडे पाहिलं. लांबून टेम्पोचा आवाज येत होता.

"नवीनच आलोय," मामा म्हणाले.