बुधाजींची दुसरी नोकरी

“थांब. आत मीटिंग आहे.”

हे कोणाला सांगत होते? मला! माझ्याच खोलीच्या दारात, हातात अर्धा किलो बोंबील, आणि ऊन असं की मासळी पिशवीतच शिजावी. आमचे हे दाराबाहेर स्टुलावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, दाढी गुळगुळीत.

“अहो, घर माझं आहे,” मी म्हटलं.

“हळू बोल. क्लायंट आहे. दहा मिनिटं तरी लागतील.”

“आणि बोंबलांनी काय करायचं?”

त्यांनी पिशवी घेतली, शेजारच्या चंपाच्या फ्रीजमध्ये ठेवून आले आणि परत जागेवर बसले. क्षणभर मला वाटलं, आता चिठ्ठीवर माझं नाव आणि काम लिहून मागतात की काय! या माणसाचा काही नेम नाही.

फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत साहेबांच्या केबिनबाहेर तेहेतीस वर्षं काढली ह्यांनी. प्यून. साहेब बारा बदलले, हे तिथेच. मग रिटायर झाले आणि माणूस पार ढेपाळला. वाढलं तर जेवायचे, नाहीतर विचारायचेही नाहीत. दाढी वाढलेली, नजर भिंतीला. मी स्वतः परळच्या इस्पितळात तीस वर्षं आया होते, आजारी माणूस मला लांबून ओळखू येतो. ह्यांना डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर म्हणाले, “काहीच नाही.” मी म्हटलं, डॉक्टर, तेच तर दुखणं आहे, ह्यांना काहीच नाही.

त्यातच लॉकडाउन आलं आणि वैशालीच्या कंपनीने सगळ्यांना घरी बसवलं. वैशाली आमची एकुलती एक लेक, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. लॉकडाउन संपलं तरी तिचं काम घरूनच चालू राहिलं. चाळीतली एकच खोली आमची, बाहेर सदा गलका. तिला दार लावून घ्यावं लागे. आता आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लागत नाही. लागलंच तर त्याचे दोन अर्थ, मयत नाहीतर मोठं भांडण. कोपऱ्यातल्या मीराबाईंनी लागलेलं दार बघितलं आणि पदर तोंडाला लावून दोन्ही हातांनी बडवायला लागल्या, “कमल, ए कमल, कधी झालं गं?” आत वैशाली अमेरिकेतल्या लोकांशी बोलत होती. बोलणं तुटलं ते तुटलंच. संध्याकाळी पोर रडली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माळ्यावरून स्टूल काढलं आणि बाहेर मांडलं. कोणी आलं की सांगायचे, “सगळे ठीक आहेत. ऑफिस चालू आहे.” मग पसाराच वाढला. पोरांचं क्रिकेट खालच्या अंगणात गेलं. भंगारवाला आमच्या मजल्यावर तोंड मिटून चालायला लागला. चंपाचा कुकर साडेबाराच्या आत लागेना. “बुधाजीभाऊ, शिटी वाजवू का?” असं ती विचारायची, आणि हे घड्याळ बघून मान हलवायचे. मी किती चिडवलं, हसले, पण खरं सांगते, माणूस पुन्हा जेवायला लागला होता. पोळी मागून घ्यायचा.

यंदा कंपनीचं पत्र आलं. आठवड्याचे चार दिवस लोअर परळच्या ऑफिसात यायचं. ज्यांना घरूनच काम करायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, मात्र त्यांना टीम लीड होता येणार नाही. वैशाली त्या जागेकडे दोन वर्षं डोळे लावून बसली होती.

गुरुवारी दार लावून मला म्हणाली, “आई, मी घरूनच करते म्हणून कळवते.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“तू विसरलीस ते दिवस? मी गेले तर बाबा परत तसेच होतील.”

दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही दया आली. आमचं दार म्हणजे फळ्यांचं, आणि बाहेर तेहेतीस वर्षं दाराबाहेर बसून तयार झालेले कान! ते माझ्या लक्षातच राहिलं नाही.

शुक्रवारी साडेनऊ वाजले तरी हे बनियन-लुंगीवर, पलंगावर आडवे.

“काय हो, आज ड्युटी नाही?”

“कंटाळा आलाय मला,” छताकडे बघत म्हणाले, वैशालीला ऐकू जाईल अशा बेताने. “पाठ मोडली बसून बसून. म्हातारपणी घराबाहेर बसायची कसली शिक्षा? तू आपली जा ऑफिसला. मला दुपारचं झोपायचंय.”

“बाबा, खरं सांगा.”

“खरंच सांगतोय. झोपू द्या की माणसाला!”

उभ्या जन्मात दिवसा डोळा न लागलेला माणूस हा. वैशाली खाली बसली, त्यांच्या पावलांवर कपाळ टेकलं, तर पाय ओढून घेत म्हणाले, “अगं, गुदगुल्या होतात.” मी गॅलरीत जाऊन पोटभर रडले. चंपाने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसले.

वैशाली लीड झाली. रोज पूल ओलांडून पायी जाते. आमचं दार सताड उघडं, कोणीही या, कोणीही जा. हे दुपारी कूस बदलत पडून राहतात आणि मी बघितलं की डोळे मिटून घेतात. दाढी एक दिवसाआड झाली, मग दोन दिवसांआड.

दोन महिन्यांनी कंपनीने घरच्या माणसांना ऑफिस बघायला बोलावलं. सकाळपासून ह्यांची तयारी. पंधराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. भलामोठा हॉल, लांबच लांब टेबलं, गार हवा. हे सगळीकडे मान वळवून काहीतरी शोधत होते.

“साहेब कुठे बसतात?”

“बाबा, इथे केबिन नाहीत. ते बघा, टेबलाच्या टोकाला पिवळा टी-शर्ट, ते आमचे हर्षवर्धन सर.”

“आणि बाहेर कोण असतं?”

“बाहेर कोणी नसतं, बाबा.”

मला भडभडून आलं. ज्यात माणसाचा जन्म गेला ते कामच आता उरलं नाही, हे त्याला असं चारचौघांत, नवा रुमाल खिशात ठेवून उभं असताना कळावं!

वैशालीने आपली खुर्ची ओढली. “बसा, बाबा.”

“नको, मी बरा आहे उभा.”

“बसा हो!” मी खांद्याला धरून बसवलं. टेकले, तेही अगदी कडेला.

एवढ्यात हर्षवर्धन सर दोन कागदी कप घेऊन आले, एक ह्यांच्यापुढे धरला. हे ताडकन उठले.

“काका, बसा ना. पाच वर्षं हिच्या कॉलवर कधी साधा आवाज आला नाही. आम्हाला वाटायचं, केवढं मोठं घर असेल हिचं!”

“दहा बाय बाराची खोली आहे, साहेब,” हे म्हणाले. “पण व्यवस्था चोख ठेवली होती.”

असा ताठ आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. दोघं कॉफी प्यायले. कप रिकामे झाले तसा ह्यांचा हात सवयीने साहेबांच्या कपाकडे गेला.

“द्या काका,” म्हणत साहेबांनी ह्यांचाच कप काढून घेतला आणि दोन्ही कप उचलून घेऊन गेले. हे आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले.

वैशालीचा फोन वाजला. जवळपास दुसरी खुर्ची नव्हती. ती तिथेच, ह्यांच्या शेजारी उभी राहून इंग्रजीत बोलायला लागली. हे उठायला गेले, तर तिने बोलता बोलताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग हे हळूच मागे सरकले आणि नीट टेकून बसले.