पाहुणे आले की आडवी होणारी कुत्री

शिंपीणकाकूंची कुत्री घरात पाहुणे आले की थरथरायची आणि आडवी व्हायची. "नाटकं नुसती!" दीर म्हणायचे. एकदा मात्र ती उठेचना. काकूंनी हातातलं शिवण टाकलं आणि तिला उचलून दवाखाना गाठला.

सलाईन लावून, रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताण झेलायला लागणारं संप्रेरक मूत्रपिंडावरच्या ग्रंथी साठवून ठेवत नाहीत, लागेल तेव्हा ताजं बनवतात. हिच्या ग्रंथींना ते जमत नाही. रोज गोळी द्या, घरात गडबड असेल तेव्हा थोडी जास्त."

"म्हणजे बिचारी खरंच आजारी होती!" काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

कुत्री सावरली. आता पाहुणे यायचे असले की दीरच आधी विचारतात, "वहिनी, हिला गोळी दिलीत ना?"