न फाटणारं दूध

नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या त्या सभागृहाबाहेर सायकली एकमेकींवर रेलल्या होत्या आणि आत बाबागाड्यांना जागा उरली नव्हती. एरवी कॉम्प्युटरपुढे बसून साऱ्या जगाच्या चुका काढणारी मंडळी चपला काढून, हात जोडून जमिनीवर बसली होती. समोर पाटावर क्षीरमाई. मूळ नाव उत्तरा, वय पन्नाशीपुढचं, मूलबाळ नाही. नवरात्रात देवीने दृष्टान्त दिला आणि माईंना पान्हा फुटला, असं त्यांचे सेवक गुरुनाथ माइकवरून सांगत होते. ते दूध बाटल्यांमधून गरजू बाळांना मिळायचं. विकत नव्हे हो, ‘सेवामूल्य’ देऊन!

“हे देवीचं दूध,” माई डोळे मिटून म्हणाल्या. “लिंबासमोरही फाटत नाही. बघा!”

गुरुनाथांनी थर्मासमधलं कोमट दूध काचेच्या पेल्यात ओतलं. माईंनी त्यात अख्खं लिंबू पिळलं, ढवळलं आणि पेला उंच धरून तिरका केला. एक गाठ नाही! दूध काचेवरून सुळकन ओघळलं. घरी पनीर करणाऱ्या बायकांनीच सर्वांत आधी डोळे पुसले, कारण लिंबाने दुधाचं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग जयजयकार झाला आणि बाटल्यांसाठी रांग लागली.

मागच्या भिंतीशी उभ्या समताला मात्र पाय एका जागी ठेवता येत नव्हते. तिची लेक मैत्री चार महिन्यांची, घरी बापाजवळ होती. पाजायची वेळ टळून गेल्याने छाती ठणकत होती. तरी ती थांबली होती, ती मैत्रिणीसाठी, मीनलसाठी.

मीनलच्या खांद्यावर तिचा तान्हा राघव कण्हत होता. त्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी होती. मीनलला स्वतःला दूध उरलं नव्हतं, म्हणून हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, खास पावडर लिहून दिली होती. ती कडू, वासट. राघव तोंड फिरवायचा. आठवडाभरापासून पावडर बंद आणि माईंचं दूध सुरू होतं. आता त्याचे गाल लाल चट्ट्यांनी भरले होते.

“मीनल, सकाळी डायपरमध्ये रक्त होतं म्हणालीस ना? आधी डॉक्टरला फोन कर.”

“अगं, माई म्हणाल्या, उष्णता बाहेर पडतेय. आणि त्याला ॲलर्जी गाईच्या दुधाची आहे. हे तर आईचं दूध आहे ना? तू एवढी रिसर्च करतेस, तूच सांग!”

समता राघवचे चट्टे निरखू लागली. आईच्या दुधाने एवढं व्हायला नको. मग त्या बाटलीत होतं तरी काय?

तेवढ्यात गुरुनाथांनी बाटल्यांवरून मान वर केली आणि समताने त्यांना नीट पाहिलं. हा माणूस तिच्या दारात दोनदा येऊन गेला होता! तिला दूध भरपूर यायचं, फ्रीझरमध्ये भाज्यांना जागा उरली नव्हती. ‘जादा दूध देणे आहे’ असं तिने ऑनलाइन टाकल्यावर हा आला होता. आर्नहेमच्या पुतणीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे म्हणून दूध घेऊन गेला होता. तेव्हा त्याचं नाव हरिहर होतं.

समताच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मीनलच्या पिशवीतली राघवची बाटली उचलली आणि सभागृहाच्या स्वयंपाकघरात शिरून दार लावलं. ओट्यावर सरबताची लिंबं पडलीच होती. तिने एका पेल्यात स्वतःचं दूध काढलं. छातीला जरा आराम पडला. वर लिंबू पिळलं, ढवळलं. गाठ नाही. दुसऱ्या पेल्यात राघवची बाटली कोमट करून ओतली आणि लिंबू पिळलं.

पांढरे गोळे तरंगले. खाली पिवळट पाणी.

हे पोराच्या पोटात जात होतं! तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. दोन्ही पेले घेऊन ती थेट पाटासमोर उभी राहिली.

“हे माझं दूध. फाटलं नाही. मग मीही देवी का?”

सभागृहात कुजबुज उठली. “आणि हे तुमच्या बाटलीतलं. पनीर झालंय.”

“बाळा, प्रसादाची परीक्षा घेऊ नये,” माई गोड आवाजात म्हणाल्या. “अश्रद्ध हात लागला की अमृतसुद्धा नासतं.”

“मग तुमच्याच हाताने होऊ दे. या रांगेतली कुठलीही बाटली उघडा.”

माईंनी डोळे मिटून घेतले. रांगेतल्या मंजूषाबाईंनीच, ज्या रोज ऑफिसात लोकांची सॉफ्टवेअर तपासायच्या, आपली बाटली उघडली. कोमट आहे ना, ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं, लिंबू मागून घेतलं आणि पिळलं. गोळे! शेजारच्या बाईने आपली पुढे केली. तिच्यातही गोळे!

“गुरुनाथ, का हरिहर?” समता म्हणाली. “थर्मासमध्ये कुणाचं दूध होतं?”

गुरुनाथ घाम पुसू लागले. “तुमचं... ते कार्यक्रमापुरतंच पुरतं. बाकी दुकानातलं गाईचं. थोडं पाणी, थोडी साखर. कुणाचं वाईट व्हावं असं...”

माई देव्हाऱ्यातली देवी उचलण्याआधी पैशांची पेटी उचलायला लागल्या.

“ऐका,” समता म्हणाली, “गाईच्या दुधात ज्या प्रोटीनचं पनीर होतं, ते आईच्या दुधात फार कमी असतं. म्हणून गोळे होत नाहीत. माझ्या नाही, तुमच्याही नाही. यात देवी कुठेच नाही. आणि मला काय आजार आहे, मी कुठली औषधं घेते, हे या माणसाने कधी विचारलंसुद्धा नाही. बाळाला दूध कमी पडत असेल तर डॉक्टरला विचारा. देणारीचं रक्त तपासून दूध घेणारी दूधपेढी असते, तिला विचारा. आणि दाखवलेल्या पेल्यावर भुलू नका. हातात दिलेली बाटली तपासा.”

दोनचार जणांनी माना डोलावल्या. एक बाई मात्र पुढे आली आणि समताच्या पायाशी वाकली. “ताई, तुमचं मिळेल का हो? तुमचं तर खरं आहे.”

समताने पाय झटकन मागे घेतले. “अहो, उठा! मला पोर झालंय, म्हणून दूध येतं. एवढंच आहे!”

कोपऱ्यात मीनल फोनवर होती. सुट्टीच्या दिवशीच्या डॉक्टरांना ती राघवचं वय, चट्टे, रक्त, सगळं सांगत होती. पलीकडून प्रश्न आला असावा. तिने भिंतीकडे तोंड वळवलं.

“हो, गाईचं दूध. आठवडाभर.” राघवने तिचं बोट धरलं होतं. “नाही, चुकून नाही. मीच पाजलं.”

समताने बाबागाडी दाराशी आणली आणि दोघी डॉक्टरांकडे निघाल्या.