सर्व अध्यापकांचा विकास

आमच्या कॉलेजात अध्यापकांच्या विकासासाठी दरवर्षी एक छोटं अनुदान येतं. त्यातून कोणाचा विकास होतो, हे मी बरीच वर्षं बघतेय. मी तासिकेवर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, कॉलेज बंद तर मीही बंद. असल्या माणसाने विकासाच्या भानगडीत पडू नये. पण यंदा पडले, कारण माझ्या जमाखर्चाच्या वर्गात लुबना आली.

लुबनाला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिरांच्या शाळेत शिकलेली मुलगी, हातांनी झरझर बोलते. लिहिलेलं मात्र तिला अडखळत कळतं. ओठ बघून थोडंफार समजून घेते, पण मी फळ्याकडे वळले की तिचा तास संपला. तिची आई तय्यबा खालापुरात शिवणकाम करते. ती एकदा कॉलेजात आली आणि सरळच म्हणाली, "मॅडम, आमाला तिची भाषा येते, पन जमाखर्च येत नाय. तुमाला जमाखर्च येतो, भाषा येत नाय. पोरीनं करायचं काय? सहामाहीपर्यंत बघते. नायतर माझ्यासंगं मशीनवर बसवते."

मला तिचा राग आला, आणि ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला.

मुंबईत शनिवार-रविवारी सांकेतिक भाषेचा वर्ग चालतो. फी आणि जाण्यायेण्याचा खर्च अनुदानात सहज बसत होता. मी अर्ज केला. 'संस्थेस होणारा लाभ' या रकान्यात लिहिलं, लुबनाला वर्गात काय चाललंय ते कळेल.

प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वनिता मॅडम, एका मुलीसाठी? समिती हसेल हो. लाभार्थी वाढवा जरा."

वाढवले. मी शिकून आल्यावर सर्व अध्यापकांना शिकवीन, अवघ्या कॉलेजचा संवाद सुधारेल, असं झोकात लिहून दिलं. अगदी खोटं नव्हतं, पण फुगवलेलं होतंच. साध्या अर्जाला इथे कोणी विचारत नाही, एवढं मलाही कळत होतं.

अर्ज मंजूर झाला. प्राचार्यांनी बोलावून हातावर पेढा ठेवला.

"सर्व अध्यापकांना लाभ, हे तुम्हीच लिहिलंत ना? मग एकट्या तुम्हाला मुंबईला कशाला पाठवायचं? सगळ्यांचीच कार्यशाळा घेऊ. कळंबला रिसॉर्ट बघून ठेवलंय. विषय, प्रभावी संवाद."

"सर, पण लुबना?"

"तिलाही बोलवू की. उद्घाटनाला."

पेढा त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. खाल्ला.

कळंबच्या रिसॉर्टवर पोहायचा तलाव होता, दुपारी मटण होतं आणि पुण्याहून आलेले एक वक्ते होते. कायम नोकरीवाल्यांना बढतीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळणार होतं. तासिकेवाल्यांना ते नसतं. माझ्याकडे सूत्रसंचालन होतं.

तय्यबाला शिवणाची घाई होती, म्हणून लुबनाला मीच घेऊन गेले. नवा ड्रेस घालून आली होती. आज काहीतरी आपल्यासाठी आहे, असंच तिला वाटत असणार. तिच्या हातून दिवा लावला, तिला गुलाब दिला, फोटो काढले. मग तिला पहिल्या रांगेत बसवून वक्ते संवादावर बोलत राहिले, कधी पाठमोरे, कधी माईक तोंडाला लावून. अधूनमधून विनोदही करत होते. सगळे हसले की लुबना माझ्याकडे बघायची. मी हसून मान हलवायचे. दुसरं मला येत काय होतं?

भाषण संपलं तशी ती उठली. माझ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी बोलायला लागली, भराभर, लालबुंद होऊन. एकदा वक्त्यांकडे बोट केलं, एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या छातीवर हात मारला. मला एक अक्षर कळलं नाही. तरी काय ते कळत होतं.

"काय म्हणतेय हो?" प्राचार्यांनी विचारलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. पुढच्या सत्राच्या तासिका अजून वाटायच्या होत्या.

"सगळ्यांना धन्यवाद म्हणतेय," मी माईकवर सांगितलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुबनाने मागे वळून टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात खाली घेतले. सहामाहीची वाट न बघता सोमवारी तय्यबाने तिला मशीनवर बसवलं.