गोंद लावलेलं यान

डोक्याला मार लागून महिनाभर दवाखान्यात काढल्यावर दादा घरी आला. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं बोलत राहा." दादाची आवड म्हणजे खेळण्यातल्या ठोकळ्यांची अवकाशयानं बांधणं, सिनेमे बघणं आणि दोन्हींवरून माझ्याशी, धाकट्या बहिणीशी, कडाकडा भांडणं. ठोकळ्यांना गोंद लावून ते कायमचे चिकटवणारा माणूस त्याच्या लेखी खुनीच. लहानपणी मी एकदा लावला, तर पठ्ठ्यानं दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून महिनाभर अबोला धरला.

म्हणून मी त्याच्या लाडक्या सिनेमातलं यान मुद्दाम चुकीचं बांधलं. राखाडी पंखांत पिवळे ठोकळे घुसडले, इंजिन उलटं बसवलं. तो नुसता बघत राहिला.

"सिनेमाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी होता," मी म्हणाले. त्यानं मान डोलावली.

"आणि तिसरा त्याहून भारी!" माझा आवाज चढला. एरवी एवढ्यावर त्यानं मला घराबाहेर काढलं असतं.

शेवटी मी गोंद काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक ठोकळा चिकटवू लागले. "भांड ना रे, दादा! शिव्या घाल!"

त्यानं पंखावरून अलगद हात फिरवला आणि पाहुण्यांकडे बघून हसतात तसा हसला.

"छान जमलंय हो तुम्हाला," तो म्हणाला. "काहीच चुकलेलं नाही."