आन्येसेचं रुखवत

लेकीचं लग्न मोडल्याचा निरोप न्हाव्याकरवी आला, तोही लग्नाला पाच दिवस उरले असताना. नुन्त्सियाता तेव्हा पिंपात मासळीवर मीठ पसरत होती. तिने हात पुसले आणि विचारलं, "आणि रुखवत?"

"त्याबद्दल मला काही सांगितलेलं नाही," न्हावी म्हणाला आणि आला तसा डोंगर चढून गेला.

रुखवत रीतीप्रमाणे आधीच वर डोंगरावरच्या रोक्काल्ता गावात, नवरदेव साव्हेरियोच्या घरी गेलं होतं. बारा चादरी, चोवीस अभ्रे, टेबलावर घालायची दोन मोठी कापडं. लढाईच्या वर्षांत घरात पाव नसायचा, तेव्हासुद्धा नुन्त्सियाताने त्यातलं एक वीतभर कापड विकलं नव्हतं. आणि प्रत्येक नगाच्या कोपऱ्यात तिच्या लेकीने, आन्येसेने आपल्या नावाचं पहिलं अक्षर लाल रेशमाने भरलं होतं.

दहा दिवस वाट पाहिली. वरून कोणी काही आणून दिलं नाही. अकराव्या दिवशी नुन्त्सियाताने शेजाऱ्याची गाढवी मागून घेतली. नवरा म्हणाला, मीही येतो.

"तुम्ही आलात तर सुरी काढाल. घरी बसा."

वेशीपाशी, जुन्या बुरुजाच्या आडोशाला चार म्हातारे पत्ते खेळत होते. तीस वर्षं ती दर शुक्रवारी याच वेशीतून मासळीची टोपली घेऊन आत जात आली होती, चौघांनाही तिचं नाव ठाऊक होतं. त्यातल्या एकाने नाक वर केलं.

"आज शुक्रवार नाही. मग हा मासळीचा वास कुठून आला?"

बाकीचे हसलेसुद्धा नाहीत. पत्ते बघत राहिले.

चढण चढून तिच्या घशाला कोरड पडली होती. देवळापुढच्या नळावर एका बाईची बादली भरून वाहत होती.

"भरली तुमची," नुन्त्सियाता म्हणाली.

"दिसतंय मला," बाई म्हणाली आणि बादली तशीच ठेवून उभी राहिली. नुन्त्सियाता पाणी न पिताच पुढे गेली.

साव्हेरियोच्या घरचा ऑलिव्हचा घाणा गल्लीच्या टोकाला होता आणि घर त्याच्या अलीकडे. तिने दार वाजवलं. "विहीणबाई, दार उघडा."

वरच्या खिडकीतून साव्हेरियोची आई एर्सिलिया डोकावली. "विहीण कोणाची?"

"साखरपुडा झाल्यापासून तीन वर्षं माझी होतात. न्हावी आला त्या दिवसापर्यंत."

खिडकी लागली. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि एर्सिलियाने एकेक गाठोडं पायरीवर आणून टाकलं. आत या म्हणाली नाही. "घ्या आणि निघा. तपासत बसू नका, चोर नाही आम्ही."

नुन्त्सियाताने पहिलं गाठोडं सोडलं. चादरीचा कोपरा कोरा होता. बोट फिरवलं तेव्हा सुईची बारीक भोकं लागली. दुसरी चादर तशीच, तिसरी तशीच. चौथीवर निळ्या धाग्याने दुसरंच अक्षर अर्धं भरलेलं होतं. गावच्या वकिलाच्या मुलीचं नाव विओला. ते अक्षर तिचं होतं.

"हे काय?"

"तुम्ही परत न्यायला याल असं वाटलं नव्हतं," एर्सिलिया म्हणाली. "दुसरं कोणी असतं तर लाजेने आलं नसतं."

"लाज आम्हाला?"

"मुलगी टाकली गेली की लाज कोणाची असते, ते वाटेल त्याला विचारा."

समोरच्या खिडक्या उघडल्या होत्या. एका बाईने तर खुर्ची आणून दारात मांडली आणि ती नीट बसून बघू लागली. नुन्त्सियाताने गाढवी गल्लीत आडवी उभी केली, दोर भिंतीतल्या कडीला बांधला आणि पायरीवर बसली.

"ज्या हाताने उसवलंत, त्याच हाताने भरून द्या. मग जाते."

"बसा. थंडी वाजली की उठाल." एर्सिलिया दार लावून आत गेली.

नोव्हेंबरचे दिवस, घाणा जोरात चालू. गल्ली जेमतेम चार हात रुंद. तासाभरात ऑलिव्हची पोती लादलेली सात खेचरं मागे एकामागे एक उभी राहिली. खेचरवाले आधी नुन्त्सियातावरच तुटून पडले. "ए मासळीवाली, तुझं ते जनावर हटव." एकाने गाढवीच्या पाठीत काठी घातली. नुन्त्सियाता उठून मध्ये उभी राहिली.

"आता मार."

त्याने काठी खाली केली, थुंकला आणि एर्सिलियाचं दार ठोठावू लागला. नुन्त्सियाताची दया कोणालाच आली नव्हती. "अहो बाई, माल पोत्यात तापायला लागलाय. लावा ते चार टाके, नाहीतर आम्ही दुसऱ्या घाण्यावर जातो."

दुसरा घाणा म्हटल्यावर एर्सिलियाचा नवरा घाण्यातून बाहेर आला. मागून साव्हेरियो, हात तेलाने माखलेले. तो गाढवीकडे बघत म्हणाला, "काकू, हे बरं दिसत नाही."

"तुला दिसतंय, हेच पुष्कळ झालं."

एर्सिलियाच्या नवऱ्याने घराचं दार ढकलून उघडलं आणि हळू आवाजात आतल्या बायकोला सांगितलं, "बस आणि शिव."

एर्सिलिया उंबऱ्यात बसून शिवू लागली. टाके वाकडे पडत होते, धागा ताणून कापड चुरमडत होतं. नुन्त्सियाता समोर उभी राहून बघत होती. तीन चादरी झाल्या तेव्हा ऊन भिंतींवरून उतरलं होतं. एर्सिलियाने तिसरी चादर तिच्या अंगावर फेकली.

"बाकीची तुमच्या मुलीला भरू दे. तिला आता वेळच वेळ आहे."

गल्लीत कोणीतरी हसलं. उत्तर नुन्त्सियाताच्या ओठावर होतं, पण बोलताना रडू फुटेल अशी तिला भीती वाटली. तिने गाठोडी लादली आणि निघाली. वेशीबाहेर पडताना पाठीत एक खडा लागला. तिने वळून पाहिलं नाही.

आन्येसेने दोन दिवस गाठोड्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वाकड्या अक्षराची चादर मांडीवर घेऊन कात्रीने टाके काढत बसलेली आईला दिसली.

"हे काय करतेस? काय काय सोसून भरून आणलंय ते."

"मी सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठीच गेले मी."

"कापडासाठी गेलीस, आई."

"हो, कापडासाठी गेले. तो तर फुकट दिला तरी नको होता."

शेवटचा धागा ओढून आन्येसेने कोपरा तळव्याने सपाट केला.

"आता तुझं तू भर," नुन्त्सियाता जरा खालच्या आवाजात म्हणाली. "लाल रेशीम आहे अजून."

"नको. राहू दे कोरी."

तिने ती चादर आपल्याच खाटेवर अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बऱ्याच वेळाने नुन्त्सियाताने दारातून पाहिलं, तर तिला झोप लागली होती. न्हावी येऊन गेल्यापासून ती दुपारची अशी झोपली नव्हती.