तेल पाजलेली गिटार

शिवानं त्याच दिवशी खरं सांगायला पाहिजे होतं. मी त्याची माय हाय, तरी म्हणते, सांगायला पाहिजे होतं.

आमचं झरी गावात सुतारकाम. गाव माझ्या मालकाला दिनकरराव म्हणतं. मी म्हातारा म्हणते, पण त्यांच्या माघारी. बैलगाड्या करण्यात त्यांची हयात गेली. आता गाडी कोण करून घेतंय? दारं-चौकटी तेवढ्या येतात. आमचा शिवप्रसाद पुण्याला गेला आन् गिटारी करायला शिकून आला. झालं, म्हाताऱ्याचं डोस्कंच फिरलं. "चौकटी सोडून ह्या फुगीर पेट्या करायलाय!" हे बी त्याला न्हाई म्हणायचे, मला. एकाच शेडात दोघं, पाठीला पाठ. "त्याला सांग जेवायला बस." "त्यांना सांग भूक न्हाई." मधी मी टपालवाली. लय वैतागले होते बाई.

मग शिवाला शिसवाच्या गिटारीचं काम आलं. गिटारीच्या अंगाला कंबर असती. पातळ पट्टी भिजवायची आन् तापल्या लोखंडी पाइपावर दाबत दाबत वळवायची. शिवाच्या पट्ट्या तडातड चिरायला लागल्या. म्हातारा बसल्या जागी बघत होता. शेवटी उठला.

"सरक तिकडं. एवढी घाई कामून? कुणी पाठी लागलंय का?"

त्यांनी पट्टीला पाणी मारलं, पाइपाला टेकवली, वाफ निघाली तशी हळूच दाबली. कंबर अशी वळली की शिवा हसलाच. "आबा, दुसरी बी तुमीच वळवा," म्हणला. आन् म्हाताऱ्यानं त्याला चक्क उत्तर दिलं! बाप-लेक बोलायले होते. मी तव्यावरची भाकर सोडून दारात उभी. भाकर करपली, करपू दे म्हणलं.

दोन्ही पट्ट्या साच्यात बसल्या. पाठीची फळी तयार, वरची पांढरी फळी बी कापून ठेवलेली. आता फक्त चिकटवायचं राहिलं होतं. शिवा सरस आणायला परभणीला गेला.

इकडं म्हाताऱ्यानं करडईचं तेल काढलं. आमच्या शेडात गाडीचं एकबी लाकूड तेल पाजल्याशिवाय जोडलं न्हाई. ऊन असं, की बिनतेलाचं लाकूड दोन उन्हाळ्यात फुटतं. आन् गाडीला सरस कुठं लागतो? तिला खुट्या अन् पाचरी. म्हाताऱ्यानं पट्ट्या, फळ्या, समद्याला चोळचोळून तेल पाजलं, लेकराला न्हाऊ घालावं तसं.

शिवा आला. म्हातारा म्हणला, "बघ. आता कितीबी तापू दे, चिरत न्हाई."

शिवाचं तोंड उतरलं. मी बघितलं ना. पण म्हणला काय, "लय चांगलं केलं, आबा."

मग मोरीवर हात धुता धुता मला म्हणला, "माय, तेलकट लाकडाला सरस धरत न्हाई. ती पांढरी फळी तर तेल पिऊन मुकी झाली, आवाज तिच्यातूनच निघतो."

"मग सांग की त्यांना! ऐकून काय मरायले का?"

"नको. आत्ता कुठं बोलायलेत माझ्यासंगं."

त्यानं ते समदं पोत्याखाली दडवलं आन् बापाला थाप मारली, गिटार जोडायला पुण्याला गेली मनून. झालं! म्हातारा पारावर जाऊन सांगायला लागला, "माझ्या हातचं पुण्यात वाजायलंय." मी मान डोलवायची.

शिवानं वणवण करून त्याच गिटारीसाठी दुसरं शिसव मिळवलं, बापाला सांगितलं नवं काम आलंय, पट्ट्या काढल्या, फळ्या रंधल्या. मग देवगाव फाट्याला एका लग्नाला गेला. परत येतो तर म्हातारा दारात हसत उभा, हात तेलानं माखलेले.

"तुझं काम हलकं केलं रे. समद्याला पाजलं."

शिवा मट्कन खाली बसला. म्हाताऱ्याचं हसू हळूहळू गेलं. पोराकडं बघून म्हणला, "ती पहिली खरंच पुण्याला गेली का रे?"

शिवानं पोतं उचललं. म्हाताऱ्यानं ती वळलेली पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"तवाच कामून न्हाई बोललास?"

"तुमी लय दिवसांनी बोलायला लागला होता, आबा."

भांडण झालं न्हाई. झालं असतं तर बरं झालं असतं. दोघं आता रोज बोलतात, जेवायला संगं बसतात. जे मला पाहिजे होतं ते समदं मिळालं.

पण म्हातारा शेडात येतो आन् उंबऱ्यात थांबतो, हात पाठीमागं बांधून. स्वतः बांधलेलं शेड, स्वतःची हत्यारं. साधी चौकटीची फळी उचलायची असली तरी पोराला इचारतो, "हात लावू का रे?"

"लावा की, आबा," शिवा म्हणतो.

तरी म्हातारा परत एकदा इचारतोच.